ऑस्ट्रेलियाचा व्हिसा नाकारला, फी अडकली? या चुका टाळा

व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं की घरातून पहिला फोन एजंटला जातो. 'मी बघतो' म्हणत तो महिना काढतो आणि कॉलेजकडे लेखी अर्ज पोचलेलाच नसतो. रिफंडचा अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या ईमेलवरून करावा, सोबत नकाराचं पूर्ण पत्र जोडावं. एजंटला प्रत दिली तरी पुरे.

सगळ्यात महागात पडते ती वेगळीच चूक. नकाराचा शिक्का नको म्हणून काही जण व्हिसाचा अर्जच मागे घेतात. मग तो नकार धरला जात नाही. तुम्ही स्वतः प्रवेश सोडलात असं होतं आणि कॉलेजशी केलेल्या करारातली रिफंडची कलमं लागतात. ती अर्थात कॉलेजनेच लिहिलेली असतात.

कोर्स सुरू होण्याआधी नकारामुळे जाता आलं नाही, तर हिशोब ईसॉस (ESOS) या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या ऑस्ट्रेलियन कायद्याखालच्या नियमाने होतो. भरलेल्या रकमेचे 5 टक्के किंवा 500 ऑस्ट्रेलियन डॉलर, यांतलं जे कमी तेवढंच कापायचं. 16,000 डॉलर भरले असतील तर 15,500 परत आले पाहिजेत, तेही चार आठवड्यांत. 'प्रशासकीय शुल्क 2,000' असं उत्तर आलं तर भांडू नका, हा हिशोब मांडून कापलेल्या रकमेचा आधार लेखी मागा. कोर्स सुरू झाल्यावर नकार आला असेल, तर मात्र उरलेल्या आठवड्यांचीच फी मिळते.

कोर्स कॉलेजनेच रद्द केला तर मुदत 14 दिवसांची. अशा वेळी दुसरा कोर्स देऊ करतात. तो लेखी स्वीकारलात की रिफंड विसरा.

सरळ लोकपालाकडे (तिथे त्याला ओम्बड्समन म्हणतात) धाव घेणंही चूकच. आधी कॉलेजची अंतर्गत तक्रार आणि अपील, त्याचं लेखी उत्तर हातात ठेवा. मग विद्यापीठ असेल तर 1 फेब्रुवारी 2025 पासून सुरू झालेला नॅशनल स्टुडंट ओम्बड्समन. खासगी व्यावसायिक किंवा इंग्रजी कोर्सचं कॉलेज असेल तर ओव्हरसीज स्टुडंट्स ओम्बड्समन. दोन्हीकडे फुकट काम होतं, त्यामुळे 'रिफंड मिळवून देतो, वीस टक्के द्या' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि करारावर सही करण्याआधी एक ओळ शोधा: विद्यार्थ्याशिवाय रिफंड आणखी कोणाला देता येईल. तिथे एजंटचं नाव असेल, तर ते आधी खोडून घ्या.