गावाच्या इतिहासाचं कपाट लावताना

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन तालुक्याच्या वाचनालयात रुजू झालेल्या मुलामुलींना स्थानिक इतिहासाचा विभाग काढा म्हटलं की ती आधी जुनी पुस्तकं हुडकायला लागतात. ज्ञानकोशाचा सुटा खंड, पिवळी पडलेली कादंबरी, कुठलीशी पोथी. ते दुर्मिळ ग्रंथांचं कपाट झालं. त्यातलं बरंचसं मुंबई-पुण्यातही सापडतं. तुमच्या गावच्या गणेशोत्सव मंडळाची 1978 सालची स्मरणिका मात्र तुम्ही ठेवली नाहीत तर बहुधा कुठेच राहणार नाही. वस्तू किती जुनी हे मी नंतर बघतो, आधी गावची आहे का ते विचारतो. परवाच्या नगरपालिका निवडणुकीतलं हँडबिलही चालतं. ते आज फुकट मिळतंय, घेऊन ठेवा.

स्मरणिका हातात आली की लोक अध्यक्षांचं मनोगत वाचतात. मी थेट जाहिरातींची पानं उघडतो. तीन आकडी फोन नंबर, बंद पडलेली तेलगिरणी, भाड्याने सायकली देणारं दुकान, आता कुणाच्या तोंडी नसलेलं गल्लीचं नाव. ब्रिटिश काळातली गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ, संग्रहात हवीतच. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड 1880 चा, साताऱ्याचा 1885 चा, आणि दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पण बाजारपेठेत कोण कुठे बसत होतं हे या जाहिरातीच सांगतात.

अडचण येते ती हिशेबात. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपल्याला अनुदान मिळतं, वाचनालयाचा अ, ब, क, ड वर्ग ठरतो, त्यात ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं मोजतात. लग्नपत्रिका आणि नाटकाचं हँडबिल त्या मोजणीत बसत नाही. साहजिकच कार्यकारी मंडळात कुणीतरी विचारतं, ‘ही रद्दी कशाला?’ वाद घालू नका, त्यांच्याच आजोबांचा फोटो असलेला अंक पुढे ठेवा. या गोष्टींसाठी स्वतंत्र नोंदवही घाला. मुख्य दाखल रजिस्टरात घुसवल्या तर पुढच्या साठा पडताळणीत नवा माणूस त्या ‘जीर्ण’ म्हणून निर्लेखनाच्या (संग्रहातून काढून टाकायच्या) यादीत टाकून मोकळा होईल.

नोंदवहीत वस्तू, तारीख, कुणी दिली, कायमची दिली की स्कॅन करून परत न्यायची, एवढं तर सगळेच लिहितात. देणारा बोलता बोलता काय म्हणाला, तेही लिहा. ‘आजोबा म्युनिसिपालटीत कारकून होते, त्यांच्या ट्रंकेत होतं’ हे एक वाक्य त्याच दिवशी उतरलं नाही तर कागदाची निम्मी किंमत गेली. वर्गांकाच्या फंदात फार पडू नका. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीप्रमाणे महाराष्ट्राचा इतिहास 954.792 खाली जातो आणि तुमचं सगळं कपाट तिथेच गोळा होतं. त्यापेक्षा गाववार, गावात पेठ किंवा वाडीवार लावा.

फोटोंवर मात्र वेळ घालवा. शाळेच्या वर्गाचा, तालमीचा, नाटक मंडळीचा ग्रुप फोटो आला की त्याची झेरॉक्स काढायची, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाकायचा आणि ती झेरॉक्स दुपारी पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांपुढे ठेवायची. तासाभरात टेबलाभोवती पाच जण जमतात. सात नंबरवर भांडण होतं. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहायची, कुणी काय सांगितलं त्यासह. निवाडा आपण करायचा नाही. मूळ फोटोच्या पाठीवर लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला. बॉलपेनची रेघ पुढून उमटते. सेलोटेप, लॅमिनेशन आणि स्टेपलरच्या पिना या कपाटाजवळ फिरकू देऊ नका.

मोडी कागद आले तर वाचता येत नाही म्हणून खोळंबू नका. आकार, शिक्का, देणाऱ्याचं नाव नोंदवा. सालाचं रूपांतर घाईने करू नये: शकात 78 मिळवले की बहुतेक वेळा काम होतं (पौष-माघ-फाल्गुनात एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो), पण नुसतं ‘सन’ असेल तर तो फसली की सुहूर (जुन्या दफ्तरांतल्या दोन कालगणना) हे जाणकाराला विचारा. फसलीत साधारण 590 मिळवायचे, सुहूरमध्ये 599. तोवर जसं आहे तसं उतरवून ठेवा. मोठं दफ्तर निघालं तर ते पुराभिलेखागाराकडे (जुनी दफ्तरं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे) किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे जावं असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे त्याची निगा होत नाही.

घराण्याचे कागद घेताना पोच द्या आणि कायमचे घेत असाल तर सगळ्या भावांच्या सह्या घ्या. एका भावाने दिलेलं दुसरा सहा महिन्यांनी मागायला येतो, आणि त्यांच्या भाऊबंदकीत वाचनालय सापडतं. फोटो आपल्याकडे आला म्हणून त्याचा हक्कही आला असं नसतं. पुस्तकांच्या बाबतीत लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो, तेव्हा स्कॅन केलेलं सरसकट फेसबुकवर टाकू नका.

जागा निवडताना पाण्याचा विचार आधी करा. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने, 1864 पासूनच्या संस्थेने, 2005 आणि 2021 असे दोन महापूर सोसले. खालचा कप्पा रिकामा ठेवायचा, स्कॅनची हार्ड डिस्क दुसऱ्या इमारतीत. दुसरी इमारत नसेल तर कार्यवाहांच्या घरी, वरच्या मजल्यावर.