भिंगामागचा पडदा आधी पाहा: किनाऱ्यावर दवाखाना उघडणाऱ्या नव्या पशुवैद्यांसाठी

कुडाळ, कणकवली किंवा चिपळूणसारख्या गावी लॅब्रॅडॉर, कॉकर स्पॅनियल अथवा पूडल घेऊन येणारा मालक बहुधा निदान घरूनच ठरवून आलेला असतो. "डॉक्टर, मोतीबिंदू झालाय, काढून टाका," असे तो म्हणतो आणि भिंग खरोखरच पांढरे दिसत असल्यामुळे आपणही मान डोलावतो. माझा पाय येथेच अडकला होता, म्हणून हा मुद्दा जरा लांबवतो.

ज्याला आपण पीआरए (प्रोग्रेसिव्ह रेटिनल अ‍ॅट्रॉफी) म्हणतो तो आनुवंशिक विकार भिंगाचा नसून दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याचा आहे. त्याच्या पीआरसीडी या प्रकारात आधी अंधारात पाहणाऱ्या दंडपेशी मरतात, मागाहून उजेडात पाहणाऱ्या शंकुपेशी जातात, आणि पटल झिजत असताना पुष्कळदा भिंगही पांढरे होते. म्हणजे मोतीबिंदू येथे कारण नसून परिणाम असतो. तो कितीही सफाईने काढला तरी कुत्र्याला दिसणार नाही, आणि मालकाचे पैसे व आपला शब्द दोन्ही जातील. बाहुली उजेडाला आकसते यावरही विसंबू नका, कारण पीआरएमध्ये ती प्रतिक्रिया बऱ्याच उशिरापर्यंत टिकते. त्यापेक्षा, भिंग पांढरे होण्याच्या आधीपासूनच कुत्रा तिन्हीसांजेला पडवीच्या पायरीवर अडखळत होता का, वीज गेली की जागचा हलत नव्हता का, हे विचारा. स्वतःच्या घरात तो सराईतपणे फिरतो, कारण घर त्याला पाठ असते. तुमच्या खोलीत खुर्च्या आडव्या मांडून त्याला एकदा उजेडात आणि एकदा मंद प्रकाशात चालवा.

बाहुली मोठी करणारे ट्रॉपिकामाइडचे थेंब घातल्यावर वीस-तीस मिनिटे थांबण्याचा कंटाळा करू नये. पटल दिसत असेल तर टॅपीटमची (पटलामागच्या परावर्तक थराची) चकाकी वाढलेली आणि रक्तवाहिन्या बारीक झालेल्या आढळतात. भिंग पूर्ण पांढरे असेल तर ईआरजी (इलेक्ट्रोरेटिनोग्राम) चाचणीशिवाय शस्त्रक्रियेचा विषय काढू नये; पांढऱ्या भिंगातूनही प्रकाश आत पोहोचतो, त्यामुळे पटलाचा विद्युत प्रतिसाद मोजता येतो. त्यासाठी मी मालकाला मुंबईला पाठवतो, आणि तो कुरकुरला तरी पाठवतोच. रक्तातील साखर मात्र त्याआधी येथेच तपासावी, कारण मधुमेहाचा मोतीबिंदू काही दिवसांतही पिकतो.

अर्थात, प्रत्येक आंधळेपणा आनुवंशिक नसतो. आपल्याकडे गोचीड तापाने डोळ्यात रक्तस्राव होतो, पटल सुटते, आणि वेळीच उपचार झाले तर काही कुत्र्यांची नजर परतही येते. तेव्हा घाईने पीआरए लिहून मोकळे होऊ नका.

दोन दिवसांच्या कार्यशाळेत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकता येते, यावर माझा विश्वास नाही. ज्यांच्या ऑप्थॅल्मोस्कोपवर (डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणावर) धूळ बसलेली असते, अशा वरिष्ठांकडे उमेदवारी करण्यापेक्षा तपासणीचे २० डायॉप्टरचे भिंग विकत घेऊन रोज एक निरोगी डोळा पाहावा. हात बसतो, घाबरण्याचे कारण नाही.

पीआरसीडीचा जनुकीय दोष २००६ साली प्रसिद्ध झाला. गालाच्या आतील स्वॅबवरून किंवा रक्तावरून तो पिल्लातही तपासता येतो. अहवालातील 'क्लिअर' हा शब्द मात्र फक्त त्या एका दोषापुरता असतो. पीआरएचे इतर प्रकार त्यात येत नाहीत. दोन वाहकांची (दोषाची एकच प्रत असलेल्या, स्वतः निरोगी कुत्र्यांची) जोड लावली तर प्रत्येक पिल्लू बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि नजर उताराला लागण्यापूर्वीच बाधित नराची पिल्ले गावभर झालेली असतात. तरीही वाहक कुत्र्यांची सरसकट नसबंदी सुचवणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण त्याने जातीचा जनुकसाठा आटतो. वाहकाची जोड क्लिअर जनावराशीच लावावी आणि पिल्ले तपासावीत.

निदान पक्के झाल्यावर मालकाला स्पष्ट सांगा की नजर परत येणार नाही, पण पीआरए दुखत नाही. घरातील सामान हलवू नये आणि आवारातील विहिरीला कठडा बांधावा. न काढलेल्या मोतीबिंदूने डोळ्यात दाह होतो, पुढे दाब वाढून डोळा दुखूही लागतो, म्हणून दाहशामक थेंब आणि टोनोमीटरने ठरावीक काळाने दाबाची तपासणी चालू ठेवावी लागते.