‘-इंग’ ओळखण्यासाठी मराठी प्रत्ययांचा आधार

इंग्रजी क्रियापदाला ‘-इंग’ लागले की चालू काळ, असे समीकरण आपल्याकडे शाळेतच पक्के होते, आणि परभणी-हिंगोलीकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांची कॉलेजात जी अडचण होते तिचे मूळ मला बहुतेक वेळा तिथेच सापडते. इंग्रजी एकाच प्रत्ययावर भागवते. मराठी त्याच कामांसाठी निरनिराळे प्रत्यय वापरते. म्हणून वाक्याचा अर्थ आधी मराठीत मांडावा आणि धातूला कोणता प्रत्यय लागला ते पाहावे.

‘शी इज पिकिंग कॉटन’ म्हणजे ‘ती कापूस वेचत आहे’; ‘-त’ आले आणि जोडीला ‘इज’ आहे, म्हणून हा चालू काळ. ‘पिकिंग कॉटन इज हार्ड वर्क’ म्हणजे ‘कापूस वेचणे कष्टाचे आहे’. येथे ‘-णे’ आले, म्हणजे हे धातुसाधित नाम. ‘द वुमन पिकिंग कॉटन’ म्हणजे ‘कापूस वेचणारी बाई’, अर्थात विशेषण.

नामाच्या आधी येणारे रूप मात्र सावकाश तपासावे. ‘बॉइलिंग वॉटर’ म्हणजे उकळते पाणी, कारण उकळण्याची क्रिया पाणीच करते. ‘ड्रिंकिंग वॉटर’ हे ‘पिते पाणी’ नव्हे. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला आणले ते पिण्यासाठीचे पाणी, म्हणजे येथे ‘पिणे’ हे नामच दडलेले आहे. उच्चारातही हा भेद उमटतो: ‘ड्रिंकिंग वॉटर’मध्ये जोर पहिल्या शब्दावर पडतो, ‘बॉइलिंग वॉटर’मध्ये तो ‘वॉटर’वर येतो.

‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘विदाउट’ यांच्यामागून क्रियापद थेट आले तर ते ‘-इंग’ रूपातच येते. ‘बिफोर गोइंग’ म्हणजे ‘जाण्याआधी’. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे त्याने बोलणे थांबवले, तर ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे तो बोलण्यासाठी थांबला.

दोन ठिकाणी मराठीचा आधार फसवतो. ‘मला समजत आहे’ हे मराठीत योग्य असले तरी इंग्रजीत ‘आय अंडरस्टँड’ म्हणावे. तसेच ‘मोंढ्याकडे जाताना पाऊस सुरू झाला’ हे आपल्याला खटकत नाही, पण ‘वॉकिंग टू द मोंढा, द रेन स्टार्टेड’ असे लिहिले तर पाऊसच मोंढ्याकडे चालत निघाल्याचा अर्थ होतो. तेथे ‘ॲज आय वॉज वॉकिंग टू द मोंढा, द रेन स्टार्टेड’ असा कर्ता स्पष्ट लिहावा लागतो.