व्हॅनमध्ये राहताना अमेरिकेत टपाल कुठे मागवायचं?

आज इथे, उद्या तिथे. मग पत्ता काय द्यायचा? अमेरिकेच्या सरकारी टपाल खात्याची 'जनरल डिलिव्हरी' सोय फुकट आहे: टपाल पोस्टातच ठेवतात, आपण जाऊन घ्यायचं.

1. पुढचा मुक्काम ठरला की त्या गावच्या पोस्टात फोन करून विचारा. मोठ्या शहरात ही सोय ठरावीक पोस्टातच असते. लहान गाव बरं.

2. पत्ता असा: पूर्ण नाव, खाली 'जनरल डिलिव्हरी', मग गाव, राज्य आणि पिनकोडपुढे 9999. उदाहरणार्थ मोआब, युटा 84532-9999.

3. पासपोर्ट दाखवून पार्सल घ्या. जास्तीत जास्त 30 दिवस ठेवतात. पाठवणाऱ्याने कमी मुदत सांगितली असेल तर तेवढेच.

नाव मात्र पासपोर्टवरचंच हवं. आईने एकदा डिंकाच्या लाडवांच्या खोक्यावर कौतुकाने घरचं नाव घातलं, 'बंड्या'! आता खिडकीपलीकडच्या बाईंना बंड्या मीच हे कसं पटवू? आतल्या चिठ्ठीवर पूर्ण नाव होतं म्हणून निभावलं.

फेडेक्स, यूपीएस या खासगी कुरियरचं सामान या पत्त्यावर मागवू नका. ॲमेझॉनचं असेल तर त्यांचा लॉकर, म्हणजे आपण जाऊन सामान काढून घ्यायचं कपाट, निवडा, पण तिथे तीनच दिवस ठेवतात.