गाडी टायर खाते, तेव्हा आधी झीज वाचा

नवे टायर घालण्याआधी जुने नेमके कुठे झिजलेत ते बघा. दोन्ही कडा घासल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल, तर हवा सतत कमी राहिली आहे. मधला पट्टा गुळगुळीत आणि कडा ताज्या, म्हणजे हवा जास्त. एकच कड संपली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलंय. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीच्या दातांसारखं लागलं, तर दोष 'टो'चा, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळल्याचा. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर गेले असण्याची शक्यता मोठी. कारण तसंच ठेवून नवे टायर घातले, तर तेही त्याच वाटेने जातात.

हवेचा आकडा टायरवर शोधू नका. तिथे कोरलेला असतो तो टायर सहन करू शकेल असा कमाल दाब. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, पुढच्या-मागच्या चाकांसाठी कधी वेगळा, आणि भरलेल्या गाडीसाठी बहुधा जास्त. हा आकडा थंड टायरचा आहे: गाडी किमान तीन तास उभी, किंवा दोनेक किलोमीटरच चाललेली. चालून तापलेल्या टायरमध्ये हवा तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्त दिसते. ती काढून टाकू नका, नाहीतर सकाळी टायर कमी हवेवर बसलेला सापडेल. साधा गेज आणि बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर घरी ठेवा. दर पंधरा दिवसांनी आणि घाटात किंवा समृद्धीवर निघण्याच्या आदल्या दिवशी तपासा. कमी हवेचा टायर वेगात सारखा दुमडत राहतो, आतून तापतो आणि तिथेच फुटतो. नायट्रोजनवर पैसे घालवायचे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळणाऱ्या गाडीत पुढचे टायर लवकर संपतात, म्हणून दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला जागा बदला. पुढचे दोन सरळ मागे. मागचे दोन बाजू बदलून पुढे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढचं-मागचं. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, आणि हवा नव्या जागेप्रमाणे लावा.

अलाइनमेंट त्याच सुमारास, आणि मोठ्या खड्ड्यात चाक आदळलं तर लगेच. पण आधी बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बुश या चाकांच्या सांध्यांत खेळ (ढिलेपणा) आहे का ते बघायला सांगा. सैल सांध्यावर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा प्रिंट मागून घ्या. ठरावीक वेगात, बहुधा ८० च्या पुढे, स्टेअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं, करून घ्या.

विकत घेताना १८५/६५ आर१५ ८८एच असं काही दिसेल: रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रेडियल, १५ इंची रिम, ८८ म्हणजे ५६० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. कंपनीने दिलेल्यापेक्षा भाराचा आकडा किंवा वेगाचं अक्षर कमी घेऊ नका. दिसायला रुंद टायरचा हट्ट बहुतेकदा मायलेज घटण्यावर आणि चाकाच्या कमानीवर घासण्यावर संपतो. बाजूच्या भिंतीवरच्या चार आकड्यांतून वय कळतं: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दोनच टायर नवे घेत असाल तर ते मागे घाला. ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं तर गाडी सावरणं फार कठीण जातं.

ट्यूबलेसला पंक्चर झालं आणि टायर बसलाच असेल, तर त्यावर गाडी चालवत दुकानापर्यंत नेऊ नका. बाजूची भिंत आतून चिरडते आणि बाहेरून ते कळतही नाही. खिळ्याच्या भोकाला चिकट वात तात्पुरती ठीक. टिकाऊ काम म्हणजे टायर रिमवरून काढून आतून बसवलेला मशरूम पॅच (छत्रीसारखं ठिगळ, दांडा भोकात बसतो), तोही नक्षीच्या भागातच. बाजूच्या भिंतीला चीर किंवा फुगा असेल तर दुरुस्ती नाही, टायर बदलायचाच. खाचांमधल्या आडव्या उंचवट्यांपर्यंत नक्षी आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. पावसाळ्यासाठी मात्र ३ मिलिमीटरलाच विचार करा.

स्टेपनीतली हवा बघायची राहून जाते. तिच्यात नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त ठेवा, गरजेला कमी करता येते. ती लहान, अरुंद प्रकारची असेल तर तिच्यावर लिहिलेला आकडाच धरा, बहुधा ६० पीएसआय, आणि ताशी ८० च्या वर जाऊ नका.