केराटोकोनस निघाला तर आधी तो थांबवा, मग दिसण्याचं बघा

गेल्या वर्षी भाच्याच्या चष्म्याचा नंबर दहा महिन्यांत तिसऱ्यांदा बदलला. ताई म्हणाली, "वाढीचं वय आहे गं, होतं असं." मी त्याचे जुने-नवे कागद शेजारी शेजारी ठेवले. सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाचा पडदा सगळीकडे सारखा गोल नसल्यामुळे लागणारा, नंबर दीडवरून सव्वातीनवर गेला होता, आणि नवा चष्मा लावूनही तक्त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी त्याला वाचता येत नव्हत्या. माझं अगदी असंच सुरू झालं होतं. बाविसाव्या वर्षापर्यंत मी नुसते चष्मे बदलत राहिले. कॉर्नियाचा नकाशा काढून घे, असं मला एकाही दुकानात कुणी सांगितलं नाही. त्यात डावा डोळा पार हाताबाहेर गेला. म्हणून भाच्याला त्याच आठवड्यात साताऱ्याहून पुण्याला नेलं. तेराव्या वर्षी, दोन्ही डोळ्यांत केराटोकोनस.

बुबुळावरचा काचेसारखा पडदा म्हणजे कॉर्निया. मधोमध त्याची जाडी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. या आजारात तो कमकुवत होऊन पातळ पडत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. मग रस्त्यावरच्या दिव्याला शेपट्या फुटतात, चंद्राच्या दोन-तीन कोरी दिसतात, फळ्यावरच्या अक्षरामागे त्याची सावली उभी राहते. सुरुवात बहुतेक वेळा किशोरवयात होते. नंबर, त्यातही सिलिंडरचा, सारखा बदलत असेल, तर कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या उंचसखल आकाराचा नकाशा, करूनच घ्या. अनेक ठिकाणी ती पेंटाकॅम नावाच्या मशिनवर होते, सुई नाही की दुखणं नाही. लेन्स वापरत असाल तर ती आधी किती दिवस काढून ठेवायची ते फोन करून विचारा, कारण लेन्सच्या दाबानं नकाशा चुकीचा येतो. घरात एकाला निघाला तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करा. आणि चष्मा घालवायचा म्हणून लेसिकचा विचार कुणी डोक्यात घातला असेल, तर तो आजच काढून टाका. आधीच पातळ असलेला कॉर्निया लेसिकनं आणखी पातळ होतो.

रिपोर्ट हातात येण्याची वाट न बघता एक गोष्ट लगेच सुरू करायची: डोळे चोळणं बंद. भाचा मुठीच्या पेरांनी डोळे असे रगडायचा की बघवायचं नाही. झोपायचाही पालथा, डोळा हातावर दाबून. नुसतं "चोळू नको" म्हणून मूल ऐकत नाही, कारण खाज खरी असते. खाजेवर इलाज करा. आम्ही फ्रिजमध्ये स्वच्छ रुमालाच्या घड्या डब्यात घालून ठेवतो. खाज आली की बंद डोळ्यांवर दोन मिनिटं गार घडी. त्याशिवाय डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब, नेमानं. मेडिकलमधून परस्पर थेंब मात्र आणू नका. त्यांत स्टेरॉइड असेल तर खाज झटकन थांबते, पण देखरेखीशिवाय महिनोन् महिने घातल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

आता उपचार. इथे बहुतेक घरांचा गोंधळ होतो, आमचाही झाला होता. आजार थांबवणं हे एक काम आणि नीट दिसणं हे दुसरं. पहिल्या कामासाठी क्रॉसलिंकिंग, ज्याला आपल्याकडे सीथ्रीआर म्हणतात. दुसऱ्यासाठी चष्मा किंवा लेन्स. सीथ्रीआर केल्यावर चष्मा जाईल ही आशा धरून गेलात तर फार निराश व्हाल. त्याचं यश म्हणजे पुढच्या वर्षीचा नकाशा यंदासारखाच येणं.

सीथ्रीआरमध्ये डोळा बधिर करतात, कॉर्नियावरचा नाजूक थर हलकेच काढतात, रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब घालत राहतात आणि मग ठरावीक तीव्रतेचे अतिनील किरण सोडतात. त्यामुळे कॉर्नियातल्या कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नवे सांधे तयार होऊन तो ताठ होतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये बसवलेल्या मूळ पद्धतीत थेंबांना अर्धा तास आणि किरणांना अर्धा तास लागतो. आता किरण जास्त तीव्र ठेवून वेळ कमी करणाऱ्या पद्धतीही आहेत. मूळ पद्धतीसाठी वरचा थर काढल्यावर किमान 400 मायक्रॉन जाडी उरावी लागते, नाहीतर आतल्या पेशींना इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांना हे विचाराच: सर्वांत पातळ जागी जाडी किती, केमॅक्स, म्हणजे कॉर्नियाच्या सर्वांत वक्र जागेचा आकडा, मागच्या वेळेपेक्षा किती वाढला, कोणती पद्धत वापरणार आणि का. मोठ्या माणसांत आजार वाढतोय की नाही हे बघायला काही महिने थांबतात. मुलांत तो झपाट्यानं वाढतो, त्यामुळे डॉक्टर घाई करायला सांगत असतील तर शाळेच्या परीक्षेसाठी पुढे ढकलू नका.

नंतरचे तीन दिवस कठीण जातात, हे मुलाला आधीच सांगा. माझा उजवा डोळा 2012 साली केला. पहिल्या रात्री पापणीखाली वाळू भरल्यासारखं वाटत होतं, आणि देवघरातल्या समईचा उजेडसुद्धा सोसत नव्हता. भाच्यासाठी आम्ही आधीच खोलीला जाड पडदे लावले, थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहिल्या, आणि ऐकायला गोष्टी भरून ठेवल्या. डोळ्यावर ठेवलेली संरक्षक लेन्स चार-पाच दिवसांनी डॉक्टरच काढतात, ती निसटली तर स्वतः परत घालू नका. दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पहिले काही आठवडे आधीपेक्षाही धूसर दिसतं. तेव्हा घाबरू नका, पण तपासणी चुकवू नका.

मग दिसण्याचं काम. सौम्य असेल तर चष्मा पुरतो. पुढे कडक आरजीपी लेन्स, आणि तीही टिकेना तर स्क्लेरल. ही मोठी लेन्स कॉर्नियाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते. मधल्या जागेत भरलेलं सलाइन कॉर्नियाचा उंचसखलपणा झाकून टाकतं. ती पहिल्यांदा घातली त्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीतून मला समोरच्या पिंपळाची पानं सुटी सुटी दिसली. इतकी वर्षं तो माझ्यासाठी एक हिरवा ढग होता.

घालायची रीत अशी. हात साबणानं धुऊन, धागे न सुटणाऱ्या कापडानं कोरडे करा. टेबलावर टॉवेल, त्यावर आडवा आरसा. रबरी सक्शनवर लेन्स ठेवून ती प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइननं काठोकाठ भरा. हनुवटी छातीला लावून चेहरा जमिनीला समांतर करा, दोन्ही पापण्या ताणा आणि लेन्स सरळ वर आणा. पाणी डोळ्याला लागताच मान मागे जाते, तिथेच सगळ्यांचं चुकतं. बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा घाला. काढताना सक्शन ओलं करून लेन्सच्या कडेला लावा, मधोमध नको. नळाचं पाणी लेन्सला कधीही लावू नका, त्यातल्या अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्म जीवानं डोळा जाऊ शकतो. लेन्स घालून झोपूही नका. मला हे जमायला सोळा दिवस लागले.

एखाद्या दिवशी अचानक डोळा दुखून पांढरट झाला आणि दिसायचं बंद झालं, तर तो हायड्रॉप्स असू शकतो. कॉर्नियाचा आतला पापुद्रा फाटून त्यात पाणी शिरतं. ओसरायला महिने लागतात, मागे व्रण राहू शकतो. माझ्या डाव्या डोळ्यातला व्रण दाट होता, लेन्सनं भागेना, म्हणून 2016 मध्ये कॉर्निया बदलला. टाके वर्षाच्या वर होते. बदललेल्या डोळ्यात लाली, उजेडाचा त्रास, अंधुकपणा किंवा दुखणं यांतलं काहीही दिसलं तर उद्यावर टाकायचं नाही, हे मी आजही पाळते.

तो कॉर्निया कुणाचा, हे मला माहीत नाही. त्या घरातल्या कुणीतरी रडता रडता नेत्रपेढीला फोन केला होता. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा आणि पंखा बंद करायचा. चष्मा असलेल्यांचे आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचेही चालतात. आमच्या फ्रिजच्या दारावर, भाच्याच्या थेंबांच्या कागदाशेजारी, नेत्रपेढीचा नंबर चिकटवलेला आहे.