लय तीच ठेवून गाण्याची पट्टी कशी बदलावी

गाणे नुसते वेगाने वाजवले, की लय आणि पट्टी दोन्ही एकदमच चढतात. वेग सुमारे ५.९५ टक्क्यांनी वाढला, तर पट्टी एक सेमीटोन (सप्तकाच्या बारा समान पायऱ्यांपैकी एक) वर जाते. ही जोडी तोडण्यासाठी डीजे सॉफ्टवेअर ध्वनीचे मिलिसेकंदांत मोजावे लागणारे, एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे करते, ते नव्या अंतराने मांडून स्वर न हलवता गाण्याची लांबी वाढवते आणि मग ते लांबलेले गाणे तेवढ्याच पटीने वेगात वाजवते. पट्टी दोन सेमीटोन चढवायची असेल, तर आधी लांबी सुमारे १.१२२५ पट होते आणि नंतर वेगही तितकाच वाढतो, त्यामुळे कालावधी मूळचाच राहतो.

काम करताना आधी की लॉक, म्हणजे वेग बदलला तरी पट्टी तीच ठेवणारी सोय, सुरू करावे (रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये ते मास्टर टेम्पो या नावाने आहे), मग लय जुळवावी आणि पट्टीला सर्वांत शेवटी हात लावावा. समजा, एक गाणे ए मायनर पट्टीत १२४ बीपीएमचे (मिनिटाला १२४ ठोक्यांचे) आहे आणि दुसरे बी फ्लॅट मायनरमध्ये १२८ बीपीएमचे. की लॉक न लावता पहिले १२८ वर आणले, तर ते सुमारे ५५ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढून दोन पट्ट्यांच्या अधेमधे अडकते आणि दोन्ही गाणी एकत्र वाजताना बेसूर लागतात. की लॉक असेल, तर ते ए मायनरमध्येच राहते; मग की शिफ्ट (पट्टी सेमीटोनच्या हिशेबाने हलवणारी सोय) +१ केले, की दोन्ही एका पट्टीत येतात. कॅमेलॉट चक्रावर, म्हणजे पट्ट्यांना क्रमांक देऊन वर्तुळात मांडणाऱ्या तक्त्यावर, ८ए (ए मायनर) आणि ३ए (बी फ्लॅट मायनर) एकमेकांपासून दूर दिसतात, म्हणून ही जोडी सहज नजरेतून सुटते, पण त्यांच्यात अंतर एकाच सेमीटोनचे आहे. सॉफ्टवेअरने ओळखलेली पट्टी मात्र कानाने पडताळून घ्यावी.

दोन सेमीटोनपलीकडे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्यापुढे किक ड्रमच्या ठोक्याची धार बोथट होते आणि गायकाचा आवाज कृत्रिम वाटू लागतो. म्हणून शक्यतो गायन नसलेले गाणेच हलवावे. मिक्सएक्ससारख्या (Mixxx) डीजे सॉफ्टवेअरमध्ये पट्टी आणि लय वेगवेगळी हाताळण्यासाठी साउंडटच आणि रबरबँड असे दोन पर्याय मिळतात. पहिला प्रोसेसरला हलका पडतो, तर दुसऱ्याचा दर्जा चांगला असला तरी भार अधिक येतो. मूळ पट्टीवर परतायचे असेल, तेव्हा फक्त तालवाद्ये वाजत असलेली जागा निवडावी, कारण सुरावट चालू असताना की शिफ्टचा आकडा शून्यावर आणला, तर स्वरांची उडी ऐकणाऱ्याला तत्काळ जाणवते.